अजिंठ्याच्या चित्रांतल्या सुंदरी सावळ्या का आहेत? रंग काळा पडला की मुळातच तसा होता?

छत्रपती संभाजीनगरहून साधारण १०० किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात शिरलं की अंधाराला डोळे सरावायला दोन-चार मिनिटं जातात. मग भिंतीवरचे चेहरे एकेक करून पुढे येऊ लागतात. हातात कमळ घेतलेला पद्मपाणी, राजे, राण्या, दासी, नर्तकी. त्यातच दागिन्यांनी मढलेली, गडद सावळ्या कांतीची एक स्त्री आहे. अभ्यासकांनी तिला नावच पाडलंय, कृष्णवर्णी राजकुमारी.

तिच्याबद्दल दोन तर्क हमखास ऐकू येतात. पहिला, दीड हजार वर्षांत चित्र काळं पडलं असणार. दुसरा, ती दासी असणार. दुसरा तर्क तिचे दागिने पाहिले की तिथेच गळून पडतो. पहिल्याचं उत्तर मात्र जरा सविस्तर द्यावं लागेल. आणि ते उत्तर शेवटी आपल्या बाथरूमच्या फळीवर ठेवलेल्या क्रीमच्या डबीपर्यंत येऊन पोहोचतं.

चित्रं खराब झालीत, हे खरंच आहे

अजिंठ्याची बहुतेक प्रसिद्ध चित्रं इसवी सनाच्या पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. आधी खडकावर मातीचा गिलावा. त्यात भुसा, गवत, वनस्पतींचे धागे मिसळलेले. त्यावर चुन्याचा पातळ थर आणि तो सुकल्यावर डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग. लाल-तपकिरी रंगासाठी गेरू, पिवळ्यासाठी पिवळी माती, काळ्यासाठी काजळी, हिरव्यासाठी हिरवट खनिज माती. फक्त निळा रंग लांबून आला, अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडापासून.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा ब्रिटिश अधिकारी शिकारीच्या निमित्ताने इथे पोहोचला आणि लेण्यांची बातमी बाहेरच्या जगाला कळली. त्यानंतर चित्रांचे हाल वाढले असं म्हटलं तरी चालेल. वटवाघळं, ओल आणि धूर आधीपासून होतेच. त्यात नकला करणाऱ्या चित्रकारांनी रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर वॉर्निश फासलं. १९२० च्या सुमारास हैदराबादच्या निजामाने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटू पाहणारे पापुद्रे भिंतीला धरून ठेवले, हे मोठंच काम झालं. पण त्यांनी वापरलेल्या लाखेच्या थराला पुढे पिवळट-तपकिरी छटा आली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ अनेक दशकं हे थर हलक्या हाताने काढत आले आहेत.

म्हणजे चित्रं मूळच्यापेक्षा काळवंडली, हे बरोबर. पण मग सगळंच सारखं काळवंडायला हवं होतं. तसं झालेलं नाही. एकाच चौकटीत गोरी, गव्हाळ, तपकिरी आणि गडद सावळी माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली दिसतात. गिलावा तोच, वॉर्निश तेच, धूरही तोच. सावळ्या गळ्यातले मोती अजून पांढरे आहेत, डोळ्यांतला पांढरा भागही पांढराच आहे. चेहरा तेवढा काळा पडला आणि त्यावरचे मोती वाचले, असं होत नाही. चित्रकाराने सावळा रंग ठरवून लावला होता.

जुन्या चित्रकारांचं शेड कार्ड

हे नुसतं अनुमान नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणात 'चित्रसूत्र' नावाचा भाग आहे. चित्र कसं काढावं याचे नियम त्यात दिलेत आणि प्राचीन भारतीय चित्रकला समजून घेताना अभ्यासक आजही तो उघडतात. त्यात माणसाच्या कांतीचे दोन मुख्य प्रकार सांगितलेत, गौर आणि श्याम. आता गंमत बघा. गौर वर्णाच्या छटा आहेत ५. श्याम वर्णाच्या १२.

गोऱ्यांत सोन्यासारखा, हस्तिदंतासारखा, चंदनासारखा, शरद ऋतूतल्या चंद्रासारखा वगैरे. सावळ्यांची यादी तर वाचत राहावी अशी आहे. लालसर सावळा, मुगासारखा, दूर्वांच्या कोंबासारखा हिरवट, पिवळट, फिकट, निळ्या कमळासारखा, ढगासारखा, चाष पक्ष्यासारखा. चाष म्हणजे आपल्याकडे शेताच्या तारेवर बसलेला दिसतो तो नीलपंख. आजच्या मेकअप कंपन्यांनी भारतीय त्वचेसाठी गडद शेड्स आणायला किती वर्षं घेतली ते आठवलं, की या बाराचं मोल कळतं.

त्या काळात गोऱ्या रंगाचं कौतुक नव्हतं असं मात्र समजू नये. संस्कृत साहित्यात गौर कांतीची स्तुती भरपूर आहे, समाजात उच्च-नीचता होती आणि चित्रांतही माणसाचा देश किंवा दर्जा सुचवायला कधी कधी रंग वापरला जाई. फरक इतकाच, की सावळं असणं आणि सुंदर असणं यांत त्या चित्रकाराला अडचण दिसत नव्हती.

अजिंठ्याच्या चेहऱ्यांकडे नीट पाहिलं तर नाकाच्या शेंड्यावर, खालच्या ओठावर, हनुवटीवर फिकट रंगाचे छोटे फटकारे दिसतात. बाजूंना गडद छटा, मध्ये उजळ. सपाट भिंतीवरचा चेहरा त्याने उचलून बाहेर येतो. रील्समध्ये 'कंटूर' आणि 'हायलाइटर' म्हणून जे शिकवलं जातं, ते तत्त्व हेच. जुन्या ग्रंथांत छायेच्या या कामाला 'वर्तना' म्हणतात. सतराव्या लेण्यात तर हातात गोल आरसा धरून साजशृंगार करणारी राजस्त्री आणि तिच्याभोवतीच्या सेविका असं एक अख्खं दृश्यच आहे. सेल्फी काढणाऱ्यांची तिच्यासमोर गर्दी असते. फ्लॅश मात्र चालत नाही, आणि सोमवारी लेणी बंद असतात.

मग 'गोरं व्हा' कधी सुरू झालं?

गोरेपणाची ओढ जुनी असली तरी ती डबीत भरून विकणं तसं अलीकडचं. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ मध्ये 'अफगाण स्नो' बाजारात आणली. भारतातल्या सुरुवातीच्या सौंदर्य क्रीम्सपैकी ती एक. १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' आली आणि पुढची चार दशकं तिने जाहिरातींत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. मुलगी सावळी, म्हणून नोकरी नाही, स्थळ नाही. मग मुलगी गोरी होते आणि सगळं जुळून येतं. २००५ मध्ये पुरुषांसाठी 'फेअर अँड हँडसम' आली, तिच्या जाहिरातीत पुढे शाहरुख खान दिसला.

विरोधही होत राहिला. २००९ मध्ये चेन्नईतून 'डार्क इज ब्युटिफुल' ही मोहीम सुरू झाली आणि अभिनेत्री नंदिता दास तिचा चेहरा बनली. २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे एएससीआयने, सावळी व्यक्ती दुःखी किंवा अपयशी दाखवू नका असे नियम काढले. २०१७ मध्ये अभय देओलने फेसबुकवर सहकलाकारांच्या अशा जाहिरातींची जाहीर खिल्ली उडवली. साई पल्लवीने २ कोटी रुपयांची फेअरनेस क्रीमची जाहिरात नाकारली, तेव्हा त्याची मोठी चर्चा झाली. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'चं नाव 'ग्लो अँड लव्हली' झालं. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने वर्णानुसार स्थळ शोधण्याची सोय काढून टाकली.

मराठी घरांतल्या बायोडाटावर मात्र 'वर्ण' हा रकाना अजून टिकून आहे. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. विठोबाला प्रेमाने सावळा म्हणणारी घरंच हा रकाना भरताना 'निमगोरा' लिहितात.

क्रीमने माणूस खरंच गोरा होतो का?

त्वचेचा रंग मुख्यतः मेलॅनिन या रंगद्रव्यावर ठरतो. ते तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि सावळ्या माणसात जवळपास सारख्याच संख्येने असतात. फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात यात, आणि ते आनुवंशिक आहे. मराठवाड्यासारख्या कडक उन्हाच्या मुलखात हे मेलॅनिन सूर्याच्या अतिनील किरणांपासून त्वचेचं रक्षण करतं. उन्हाने रापलेला रंग सनस्क्रीन, टोपी, स्कार्फ यांनी हळूहळू मूळ पदावर येतो. पण मूळ रंगाच्या पलीकडे, कायमचं गोरं करणारं सुरक्षित क्रीम अस्तित्वात नाही.

तरीही काही क्रीम्स आठवड्याभरात चेहरा उजळ करून दाखवतात. खरी काळजी त्यांचीच.

यातली काही पाऱ्याची असतात. मेलॅनिन बनण्यासाठी टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं. पारा त्याचं काम अडवतो, म्हणून त्वचा झपाट्याने फिकट दिसते. पण तो त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. तिथल्या गाळण्या बिघडल्या की शरीरातलं प्रथिन लघवीवाटे जाऊ लागतं. लघवीला फेस येतो, पाय आणि डोळ्यांखालचा भाग सुजतो. तोवर चेहरा छान दिसत असल्यामुळे क्रीमवर कुणाचा संशयही जात नाही.

हे फार लांबचं नाही. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना त्रास झाल्याची बातमी आली होती. शोध घेत घेत मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर पोहोचले ते त्या वापरत असलेल्या गोरेपणाच्या क्रीमपर्यंत. क्रीममध्ये पारा सापडला. केरळमधल्या डॉक्टरांनीही जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांत 'नेल-१' हे प्रथिन आढळलं आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. भारतात सौंदर्यप्रसाधनांत पारा मुद्दाम घालायला बंदी आहे. नकळत राहिलेला अंशही बहुतेक प्रसाधनांत १ पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही.

दुसरा प्रकार स्टेरॉइडचा. मेडिकलमधून 'ती ट्यूब द्या' म्हणून आणलेल्या अनेक मलमांत स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र असतात. वांगासारख्या त्रासासाठी त्वचारोगतज्ज्ञ ते ठरावीक काळापुरतं देतात. लोक मात्र महिनोन्‌महिने रोजच्या क्रीमसारखं लावतात. मग त्वचा पातळ होते, लाल पडते, पुरळ येतात, चेहऱ्यावर लव वाढते. आणि मलम बंद केलं की आग होते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. हा प्रकार इतका वाढला, की २०१८ मध्ये सरकारने १४ स्टेरॉइड मलमं शेड्युल 'एच'मध्ये टाकली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. मेडिकलच्या काउंटरवर पाच मिनिटं उभं राहिलं, की हा नियम किती पाळला जातो ते कळतं.

डबी हातात घेतल्यावर काय बघायचं?

उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसेल तर ती डबी ठेवून द्या. पार्लरमध्ये सुटी मिळणारी, लेबल नसलेली किंवा परदेशी म्हणून इन्स्टाग्रामवरून मागवलेली क्रीम याच गटात येतात. यादीत मर्क्युरी, मर्क्युरिक, मर्क्युरस क्लोराइड किंवा कॅलोमेल यांपैकी काही दिसलं तर विषयच संपला. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टेरॉइडची नावं आहेत. 'सात दिवसांत गोरेपणा' असं वचन असेल तर यादी वाचायचीही गरज नाही.

अशी क्रीम बराच काळ वापरली असेल आणि लघवीला फेस किंवा अंगावर सूज दिसत असेल, तर डॉक्टरांना क्रीमबद्दल स्वतःहून सांगावं, कारण हा प्रश्न दरवेळी विचारला जाईलच असं नाही. लघवीतल्या प्रथिनाची साधी तपासणी कुठल्याही लॅबमध्ये होते. पाऱ्याचं क्रीम वेळेत थांबवलं तर बऱ्याच रुग्णांची मूत्रपिंडं सावरतात. स्टेरॉइडचं मलम मात्र एका दिवसात बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने कमी करत न्यायचं असतं. आणि डबी फेकून देऊ नका. डॉक्टरांना दाखवायला ती लागते, आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची झाली तर तपासणीलाही तीच लागते.