दाराचा हक्क : घरचा सर्व्हर आणि पत्त्याचा इतिहास

अनियतकालिकांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांची बंडखोरी, त्यांची भाषा, प्रस्थापितांशी असलेले त्यांचे भांडण, या साऱ्याची चर्चा झाली. त्यांच्या पानांवर बारीक टायपात छापलेल्या पत्त्याकडे मात्र आपण क्वचितच पाहतो. तो पत्ता पुष्कळदा संपादकाच्या राहत्या घराचाच असे. लेखन जिथे सिद्ध होते तिथवर वाचकाचे पत्र, वर्गणी आणि नव्या लेखकाचे हस्तलिखित थेट पोचावे, एवढीच त्यामागची व्यवस्था होती. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'अस्मितादर्श' उभे केले, तेव्हा दलित लेखकाला पुण्यामुंबईच्या संपादकीय उंबरठ्यावर ताटकळत न राहता लिहिता येईल असा एक पत्ता मराठीला मिळाला. वाङ्मयीन चळवळीला आशयाइतकीच अशा पत्त्याचीही गरज असते.

आंतरजालाच्या संदर्भात हाच प्रश्न असा विचारता येईल : आपल्या घरातील संगणकावर ठेवलेले लेखन बाहेरच्या वाचकाला थेट गाठता येते काय? मूळ रचनेत या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी होते. १९८१ साली निश्चित झालेल्या संकेतप्रणालीत जाळ्यावरील प्रत्येक यंत्राला स्वतःचा अंकी पत्ता असावा आणि कोणत्याही यंत्राने कोणत्याही यंत्राला हाक मारावी, अशी कल्पना होती. वेबचा पहिला सर्व्हर म्हणजे सर्न या संशोधनसंस्थेतील टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावरचा संगणकच होता. हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये, अशी हस्तलिखित चिठ्ठी त्यावर चिकटवलेली होती. वाचणारे यंत्र आणि प्रकाशित करणारे यंत्र यांत जातिभेद नव्हता.

तो भेद टंचाईतून आला. बत्तीस बिटांच्या त्या प्रणालीत सुमारे ४३० कोटी पत्ते मावतात, आणि ते पुरणार नाहीत हे १९९० च्या दशकारंभीच दिसू लागले होते. १९९४ साली त्यावर तोडगा मांडला गेला : अनेक यंत्रांनी बाहेर एकच पत्ता दाखवायचा आणि आत खासगी क्रमांक वापरायचे. भारतात सर्वसामान्यांना आंतरजाल मिळाले ते त्यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे आपल्याकडे घरोघरी आंतरजाल पोचण्याआधीच काटकसरीची योजना तयार होती.

दरवाजांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात ती योजना समजावून सांगणे सोपे आहे. तटबंदीच्या आत अनेक घरे आहेत, पण बाहेरच्याला ठाऊक आहे तो एकच दरवाजा. आतून कोणी बाहेर गेले तर पहारेकरी नोंद ठेवतो आणि त्याला आलेले उत्तर त्याच्या घरी पोचवतो. आपणहून आलेल्या पाहुण्याला मात्र कुठे न्यावे हे त्याला कळत नाही आणि तो त्याला परतवतो. घरच्या राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' करणे म्हणजे या पहारेकऱ्याला, अमुक क्रमांकाच्या दारी आलेल्याला तमुक खोलीत ने, असे सांगून ठेवणे. पहारेकरी आपला असेल तोवर हे शक्य असते. २०११ साली जागतिक साठ्यातील पत्त्यांचे शेवटचे गट वाटले गेले. त्यानंतर सेवापुरवठादारांनी शेकडो ग्राहकांना एकाच पत्त्याआड ठेवण्याची पद्धत वाढली. आता पहारेकरी पुरवठादाराचा असतो आणि आपली सूचना त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

पत्ता मिळाला तरी तो टिकतोच असे नाही. घरगुती जोडणीचा अंकी पत्ता वरचेवर बदलतो. 'डायनॅमिक डीएनएस' ही सोय नाव कायम ठेवून त्यामागचा अंक बदलत राहते. या शहराच्या बाबतीत नेमके उलटे घडले. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर : नावे बदलली, जागा तीच राहिली. जुन्या ग्रंथाच्या मुखपृष्ठामागे 'औरंगाबाद' वाचणाऱ्या अभ्यासकाला ही साखळी माहीत असावी लागते. नाव आणि ठिकाण यांची जोडणी कोणीतरी सतत सांभाळावी लागते, हे ग्रंथपालाला जितके ठाऊक आहे तितकेच सर्व्हर चालवणाऱ्यालाही. २०१४ पासून तर '.भारत' या प्रत्ययासह देवनागरीतही असे नाव घेता येते.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. फुकट जागा देणारे पुष्कळ आहेत. पण जिओसिटीज २००९ साली बंद झाले, ऑर्कुट २०१४ साली, याहू ग्रुप्स २०२० साली. तिथे मराठीत लिहिणारे होते, वाद घालणारे होते. आपापल्या प्रती ज्यांनी ठेवल्या त्यांचे लेखन उरले. छापील अंकाची एखादी प्रत कुणाच्या तरी माळ्यावर सापडते. परक्याच्या सर्व्हरवरून पुसलेल्या पानाला माळा नसतो. पुढे दोन हजारनंतरच्या मराठी लेखनाचा इतिहास लिहिणाऱ्यांना ही पोकळी जाणवल्याखेरीज राहणार नाही.

घरचे दार उघडे ठेवणे जोखमीचे आहे, हेही मान्य केले पाहिजे. वीज जाते, यंत्र बिघडते, आणि उघड्या दारावर घुसखोर सतत धडका देत असतात. म्हणून प्रणाली अद्ययावत ठेवणे, गरजेपुरतेच दार उघडणे आणि दुसरी प्रत अन्यत्र ठेवणे ही रोजची कामे होऊन बसतात. त्यांत काव्य नाही. मात्र मुद्रिते तपासणे, वर्गणीदारांच्या याद्या करणे, तिकिटे चिकटवणे यांतही ते नव्हते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या आयपीव्ही-६ या प्रणालीत पत्त्यांची टंचाई उरत नाही आणि भारतात तिचा प्रसार मोठा आहे. तत्त्वतः आज अनेक घरांना पुन्हा स्वतंत्र पत्ता मिळू शकतो. तरीही पुरवठादार आणि राउटर बाहेरून येणारी हाक बहुधा अडवूनच ठेवतात, कारण ग्राहकाला काही सांगायचे असेल असे या व्यवस्थेने गृहीतच धरलेले नाही.

आमचा आक्षेप या गृहीतकाला आहे. वाचकाला केवळ वाचक ठरवणारी व्यवस्था मराठीने पूर्वीही पाहिली आहे, आणि तिला 'अस्मितादर्श'सारख्या नियतकालिकांनी स्वतःचा पत्ता छापून उत्तर दिले आहे. साहित्याच्या एखाद्या विभागाने आपल्या जुन्या अंकांची छायाचित्रित पाने स्वतःच्याच छपराखालच्या संगणकावरून वाचकांपुढे ठेवली, तर तो त्याच परंपरेचा पुढचा अंक ठरेल.