चित्रतुरग आणि कीबोर्ड : एका अनुकृत नादाचा इतिहास

‘एफएम’ म्हटले की आपल्याला रेडिओ आठवतो. कीबोर्डवादकांच्या बोलीत मात्र या शब्दाला वेगळा अर्थ आहे. कार्यक्रमात वाजवण्यासाठी जे डिजिटल कीबोर्ड तयार होतात, ज्यांना ‘स्टेज कीबोर्ड’ म्हणतात, त्यांत पियानो आणि ऑर्गन यांच्या बरोबरीने ‘एफएम’चे नादही असावेत, ही अपेक्षा आता रूढ झाली आहे. हे नाद 1980च्या दशकातले. त्या काळी त्यांतील सर्वांत गाजलेला नाद एका जुन्या वाद्याची नक्कल म्हणून आला. आज त्याचीच नक्कल करून तो नव्या वाद्यांत बसवला जातो. नकलेचीही नक्कल व्हावी, आणि तीही इतक्या निगुतीने, ही घटना साहित्याच्या अभ्यासकालाही विचारात पाडणारी आहे. अनुकृती मूळ केव्हा ठरते? आणि एखादी गोष्ट जतन करायची म्हणजे तिच्यातले नेमके काय जतन करायचे?

या इतिहासाचा प्रारंभ एखाद्या अभियंत्यापासून होत नाही. जॉन चाउनिंग (जन्म 1934) हे मुळात तालवादक आणि संगीतरचनाकार. पॅरिसमध्ये नादिया बूलांजे यांच्याकडे शिकून ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आले. बेल प्रयोगशाळेतील मॅक्स मॅथ्यूज यांचा संगणक आणि संगीत या विषयावरील 1963 सालचा लेख त्यांच्या वाचनात आला, आणि पुढे विद्यापीठाच्या संगणकावर ते नादनिर्मितीचे प्रयोग करू लागले. 1967 साली ते कंपित स्वराचा, म्हणजे ‘व्हायब्रेटो’चा, अभ्यास करीत होते. स्वर किंचित वर-खाली हलवत ठेवला की कानाला ते हलणे ऐकू येते. आपल्या गायकीतील आंदोलित स्वराचा अनुभव यापासून फार दूरचा नाही. चाउनिंग हे हलणे अधिकाधिक वेगाने करीत गेले. वेग सेकंदाला वीसेक आवर्तनांच्या पलीकडे गेला, तेव्हा हलणे जाणवेनासे झाले आणि त्याच्या जागी एक निराळाच, भरीव नाद ऐकू येऊ लागला. गतीचे रूपांतर गुणात झाले होते.

या गुणाला आपल्या संगीतशास्त्रात नेमका शब्द आहे. नादाची तीन लक्षणे सांगितली जातात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. सनई आणि सतार एकाच पट्टीत एकच स्वर वाजवीत असल्या तरी आपण त्या वेगवेगळ्या ओळखतो, ते नादाच्या जातीमुळे. ही जाती मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या उपस्वरांच्या मिश्रणातून सिद्ध होते. कृत्रिम रीतीने ती निर्माण करायची तर एकेक उपस्वर स्वतंत्रपणे घडवून त्यांची बेरीज करणे हा सरळ मार्ग, पण तो अतिशय खर्चिक. चाउनिंग यांच्या पद्धतीत दोनच लहरी पुरतात. एक मूळ लहर, आणि तिची वारंवारता वेगाने खाली-वर करणारी दुसरी. या दोहोंच्या वारंवारतांचे गुणोत्तर साधे, पूर्णांकी असेल तर नाद सुरेल येतो. तसे नसेल तर घंटेसारखा धातूचा झणत्कार उमटतो. दुसरी लहर पहिलीला जितकी जोराने हलवील, तितके उपस्वर वाढून नाद उजळतो. रेडिओतही तत्त्व हेच असते. फक्त तेथील मूळ लहर श्रवणाच्या मर्यादेपलीकडची असते.

यातील शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. तुतारी जोराने फुंकली तर तिचा आवाज केवळ मोठा होत नाही, तो अधिक झळाळतो. खऱ्या वाद्यांत बळ आणि रंग असे एकमेकांत गुंतलेले असतात. एफएममध्ये हा संबंध एकाच राशीने साधता येतो. वादकाच्या बोटाचा जोर त्या राशीला जोडला की यंत्राच्या नादात स्पर्शाला उत्तर देण्याची क्षमता येते.

चाउनिंग यांचा या विषयावरील शोधनिबंध 1973 साली प्रसिद्ध झाला. अध्यापनक्षेत्रातील वाचकांना पुढचा तपशील बोचेल : त्याच सुमारास स्टॅनफर्डने त्यांना सेवेत कायम करण्याचे नाकारले. विद्यापीठाने हा शोध अमेरिकेतील ऑर्गन बनवणाऱ्या कंपन्यांपुढे ठेवला होता, पण त्यांना त्यात काही दिसले नाही. तो स्वीकारला जपानच्या यामाहा कंपनीने. यथावकाश चाउनिंग स्टॅनफर्डला परत बोलावले गेले, आणि या शोधाच्या स्वामित्वशुल्कातून विद्यापीठाला कोट्यवधी डॉलर मिळाले. कलाविभागातील एका संगीतकाराचे कुतूहल संस्थेच्या मोठ्या उत्पन्नाचे साधन ठरले. त्याचे मोल मात्र संस्थेला बाजाराने सांगितल्यावर कळले.

1983 साली यामाहाचा ‘डीएक्स7’ बाजारात आला. त्यात एकेका नादासाठी सहा लहरी होत्या. कोणती लहर कोणाला हलवील याच्या 32 मांडण्या ठरवून दिल्या होत्या आणि एका वेळी 16 स्वर वाजू शकत. नवे नाद घडवणे मात्र महाकठीण. सपाट कळा, इवलासा पडदा आणि त्यावर एका वेळी एकच आकडा. परिणामी बहुसंख्य वादकांनी कारखान्यातून भरून आलेले नादच वापरले. त्यांतील कित्येक डेव्हिड ब्रिस्टो आणि गॅरी लोयेनबर्गर या दोघांनी घडवले होते. एका पिढीच्या गाण्यांचा रंग ज्यांनी ठरवला, त्यांची नावे श्रोत्यांना कधी कळली नाहीत.

त्या नादांपैकी सर्वांत गाजला तो ‘इलेक्ट्रिक पियानो’. तो नक्कल होता ‘ऱ्होड्स’ या वाद्याची. हॅरल्ड ऱ्होड्स यांच्या या वाद्यात कळ दाबली की हातोडी पोलादाच्या बारीक कांबीवर पडते आणि त्या कांबीचे कंपन विद्युतचुंबक टिपतो. हे वाद्यही मुळात पियानोला पर्याय म्हणून जन्मलेले. म्हणजे आपण ज्याला ‘मूळ’ म्हणतो तेही एका अर्थी अनुकरणच. त्याच्या मंचावर वापरायच्या आवृत्तीचे वजन 60 किलोंच्या आसपास, तर डीएक्स7 सुमारे 14 किलोंचा. वादकांनी कोणता उचलला असेल, हे सांगायला नको. कांबीवर हातोडी पडतानाचा ‘टिण्’ उमटावा म्हणून डीएक्स7मध्ये एका जोडीतील हलवणाऱ्या लहरीची वारंवारता मूळ लहरीच्या 14 पट ठेवली होती. परंतु हा ‘टिण्’ ऱ्होड्सपेक्षा कितीतरी स्वच्छ, काचेसारखा होता. दशक संपण्याच्या आत श्रोत्यांना तोच हवासा झाला, आणि हळुवार प्रेमगीत म्हटले की तोच नाद, असे समीकरण जुळले.

येथे श्रीशंकुकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. नट हा रामाचे अनुकरण करतो आणि प्रेक्षक त्यावरून रसाचे अनुमान करतो, हे सांगताना त्याने चित्रतुरगाचा दृष्टान्त दिला. चित्रातला घोडा पाहताना ‘हा खरा घोडा आहे’ असे वाटत नाही, ‘हा खोटा आहे’ असेही नाही; संशय नाही आणि केवळ सादृश्याची जाणीवही नाही. या चारही प्रतीतींहून ती वेगळी असते. डीएक्स7चा पियानो ऐकणाऱ्याची प्रतीती अशीच होती. तो फसला नव्हता, आणि नकलेची तुलना मुळाशी करीतही बसला नव्हता. भट्टतौताने शंकुकावर घेतलेला आक्षेप तर येथे अधिकच लागू पडतो. अनुकरण ओळखायचे तर मूळ पाहिलेले असावे लागते. रामाला कोणी पाहिले आहे? ज्यांनी ऱ्होड्स कधी ऐकलाच नाही, त्या श्रोत्यांसाठी डीएक्स7चा नाद कशाचीच नक्कल नव्हता. तो स्वयंपूर्ण होता. जी अनुकृती स्वतःच्या नियमांनी चालते, तिला एके दिवशी मुळाची गरज उरत नाही.

1988 साली कॉर्ग कंपनीचा ‘एम1’ आला आणि वारे फिरले. आता खऱ्या वाद्यांचे मुद्रित तुकडे, म्हणजेच ‘सॅम्पल’, यंत्रात भरले जाऊ लागले. एफएम जुने ठरले. पण त्याच्या पियानोची मागणी ओसरली नाही. तेव्हा डीएक्स7चाच नाद मुद्रित करून नव्या कीबोर्डांत घालण्याची सोपी वाट निघाली. दुसरी वाट नाद घडवणारी यंत्रणाच कीबोर्डात बसवण्याची. 1990च्या दशकाच्या अखेरीस यामाहाने ‘पीएलजी150-डीएक्स’ हे छोटे कार्ड काढले. ते आपल्या कीबोर्डात बसवले की डीएक्स7चे नाद त्याच गणिताने नव्याने घडत. 2005 सालच्या ‘नॉर्ड स्टेज’मध्ये एफएमचा एक सुटसुटीत विभाग होता, आणि 2020 सालच्या यामाहाच्या ‘वायसी61’ या स्टेज कीबोर्डात एफएमची यंत्रणा पुन्हा दाखल झाली.

या दोन वाटांतील भेद म्हणजे अवतरण आणि व्याकरण यांतील भेद होय. मुद्रित नादात हलका, मध्यम, जोरकस अशा मोजक्या आघातांचे नमुने साठवलेले असतात. दोन नमुन्यांमधली जागा वादकाला खऱ्या अर्थाने मिळत नाही. एफएममध्ये प्रत्येक आघातागणिक नाद नव्याने रचला जातो. डीएक्स7च्या एका नादाची संपूर्ण संहिता 128 बाइटांत मावते. ती नादाची प्रत नव्हे, तो घडवण्याची रीत आहे. तिच्यातला एखादा आकडा बदलला की पूर्वी कोणी न ऐकलेला नाद निघतो. अवतरण फक्त पुन्हा उद्धृत करता येते. व्याकरण हाती असेल तर नवे वाक्य रचता येते.

अर्थात मुद्रणाची बाजूही दुबळी नाही. मूळ डीएक्स7च्या यंत्रणेत एक हलकी खरखर होती. ती त्या गणितात नाही, त्या विशिष्ट यंत्रात होती, आणि मुद्रणात ती टिकते. बंदिशीचे स्वरलेखन आणि तिची ध्वनिमुद्रिका यांत जे अंतर असते, तेच येथे आहे. एकात गायकाचा गळा राहतो, दुसऱ्यात गाण्याची शक्यता. श्रोत्याला गळा प्रिय असणे स्वाभाविकच आहे. पण परंपरा पुढे जाते ती दुसऱ्या कोणाला तरी गाता येते म्हणून. वाङ्मय शिकवताना आपण विद्यार्थ्यांच्या हाती उत्तम उतारे देतो की ते उतारे ज्यातून घडले ती रीतही देतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ कीबोर्ड बनवणाऱ्यांचा राहत नाही.