तेरापूरचा डोंगर आणि राजा करकंडाची कथा

मराठवाड्याच्या भूमीशी जैन धर्माचा संबंध फार प्राचीन आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. हे लट्टलूर म्हणजेच आपले लातूर, असे अनेक इतिहासकार मानतात. याच वंशातील सम्राट अमोघवर्ष हा आचार्य जिनसेनांचा भक्त होता. त्याहूनही जुनी एक स्मृती लातूरच्या पश्चिमेस, बालाघाटाच्या रांगेत जपलेली आहे. 1982 साली लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत तो परिसर व आपण एकाच जिल्ह्यात नांदत होतो. ती स्मृती म्हणजे धाराशिवची लेणी होय.

धाराशिव शहराबाहेर, ओढ्याच्या घळीकाठी डोंगराच्या कुशीत ही लेणी कोरलेली आहेत. पावसाळ्यात हिरवा होणारा हा माळ उन्हाळ्यात पार करपून जातो. येथील मुख्य लेण्यातील सभामंडप सुमारे 80 फूट खोल असून त्यास 32 स्तंभ व भोवती 22 खोल्या आहेत. गाभाऱ्यात नागफणांच्या छत्राखाली भगवान पार्श्वनाथ पद्मासनात विराजमान आहेत.

गावाच्या नावाविषयी लोकांत एक आख्यायिका आहे. धारासुर नावाच्या दैत्याचा देवीने येथे वध केला, म्हणून ती धारासुरमर्दिनी झाली व गाव धाराशिव झाले, असे सांगतात. निजामी राजवटीत गावाला उस्मानाबाद हे नाव मिळाले. 2023 साली जुने नाव अधिकृतपणे परत आले.

जैन परंपरेतील कथा मात्र निराळी आहे. अकराव्या शतकाच्या सुमारास मुनी कनकामर यांनी अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ रचले. डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेला हा ग्रंथ 1934 साली विदर्भातील कारंजा येथून प्रकाशित झाला. त्यात पुढील वृत्तांत येतो.

चंपानगरीचा राजा करकंड दक्षिणेच्या स्वारीवर निघाला असता तेरापुरास, म्हणजे आजच्या तेर येथे, त्याचा तळ पडला. तेथील शिव नावाच्या राजाने त्यास जवळच्या डोंगराचे नवल सांगितले. डोंगरात सहस्र खांबांचे लेणे असून माथ्यावर एक वारूळ आहे. एक हत्ती नित्य सोंडेत पाणी व कमळ घेऊन येतो आणि त्या वारुळाची पूजा करतो. करकंडाने वारूळ खणविले, तेव्हा आत पार्श्वनाथांची प्रतिमा प्रकट झाली. तो हत्ती पूर्वजन्मीचा विद्याधर होता.

राजाने भक्तिभावाने लेण्यातील प्रतिमेचे दर्शन घेतले. परंतु तिच्या सिंहासनावर दगडाची एक गाठ त्यास दिसली. ती शोभेला बाधा आणते असे वाटून त्याने शिल्पकारास ती फोडण्याची आज्ञा केली. वृद्ध शिल्पकाराने सावध केले, की येथे पाण्याची शीर आहे, ती रोखण्यासाठीच ही गाठ ठेविली आहे. राजाने ऐकले नाही. टाकीचा घाव पडताच पाण्याचा लोंढा उसळला आणि लेणे भरून गेले. राजास घोर पश्चात्ताप झाला. तेव्हा एका देवाने प्रकट होऊन त्याचे सांत्वन केले व लेण्याचा पूर्वेतिहास कथन केला. नील व महानील या विद्याधर बंधूंनी ते कोरविले होते. पुढे करकंडानेही तेथे नवी लेणी कोरविली आणि अखेरीस दीक्षा घेतली.

या कथेचा प्रत्येक तपशील इतिहास मानता येणार नाही. जेम्स बर्जेस यांनी 1875-76 च्या पाहणीत या लेण्यांची नोंद घेतली व ती जैन ठरविली. नंतरच्या काही अभ्यासकांच्या मते ती मुळात पाचव्या-सहाव्या शतकातील बौद्ध विहार असून पुढे जैनांकडे आली. हा मतभेद आपण मोकळ्या मनाने स्वीकारावा. तरीही कनकामरांच्या काळी हे स्थान पार्श्वनाथांचे तीर्थ म्हणून ख्यात होते, एवढे या ग्रंथावरून निश्चित दिसते.

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी ही कथा मुद्दाम स्मरावी, याचे कारण तिच्यातील बोध होय. करकंड मूर्तिभंजक नव्हता, तो भक्त होता. शोभा वाढविण्याच्या हौसेने त्याच्या हातून प्रमाद घडला. आज जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या शिळेवर रंग चढतो, शिलालेखावर चुना फासला जातो, कोरीव खांब फरशीआड लपतात. हे सारे श्रद्धेनेच घडते. परंतु एकदा पुसलेले अक्षर कोणताही देव परत आणून देत नाही.

म्हणून प्राचीन मंदिरात टाकी लावण्यापूर्वी जाणकारास विचारावे, लेखाचे ठसे व छायाचित्रे घ्यावीत, शेतात-बांधावर सापडलेल्या खंडित प्रतिमांची नोंद करावी. 2016 साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी पिऊन लातूरकरांनी पाण्याचे मोल जाणले. वारशाचे मोलही तो आटण्यापूर्वीच जाणले पाहिजे. त्या वृद्ध शिल्पकाराचे शब्द आपण ऐकावेत, हीच या मंगल प्रसंगी प्रार्थना.

जय जिनेंद्र!