शरीरवजन आणि हृदयविकार

शरीराचे वजन आणि हृदयाचे आरोग्य यांचा निकटचा संबंध आहे. मात्र केवळ वजनावरून हृदयविकाराचा धोका पूर्णपणे कळत नाही. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता शरीर वस्तुमान निर्देशांक (बीएमआय) मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार २५ पासून अतिवजन व ३० पासून लठ्ठपणा मानला जातो.

हा निर्देशांक स्नायू आणि चरबी यांत भेद करीत नाही. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून यास 'वाय-वाय विरोधाभास' म्हणतात.

पोटातील अवयवांभोवती साठलेल्या चरबीमुळे रक्तदाब, रक्तशर्करा व ट्रायग्लिसराइड वाढण्याचा आणि हृदयाच्या धमन्यांत मेदाचे थर साचण्याचा संभव वाढतो. त्यामुळे आशियाई लोकांत २३ पासूनच धोका वाढतो, असे मानतात. दक्षिण आशियाई पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक कंबरेचा घेर धोक्याचा समजला जातो.