खडकाच्या पोटातली ठेव

धाराशिव शहराजवळच्या डोंगरात जी प्राचीन लेणी आहेत, त्यांच्याविषयीची एक कथा ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश भाषेतील जैन काव्यात आली आहे. मुनी कनकामरांनी हे काव्य सुमारे अकराव्या शतकात रचले. करकंड राजा तेरापूरच्या, म्हणजे आजच्या तेरच्या, परिसरात येतो. लेण्यातील मूर्तीच्या सिंहासनावर त्याला दगडाची एक गाठ दिसते आणि ती त्याच्या डोळ्यांना खुपते. गाठीमागे पाण्याचा झरा आहे, ती फोडू नये, असे वृद्ध शिल्पी विनवतो. राजा ऐकत नाही. गाठ फुटते, पाण्याचा लोट उसळतो आणि सारे लेणे जलमय होते.

काव्यातल्या गोष्टीला कोणी इतिहास म्हणणार नाही. तरीही ती रचणाऱ्याला या मुलखाचे एक मर्म ठाऊक असावे असे वाटते. इथले पाणी खडकाच्या आड असते, आणि त्याची वाट मोकळी करण्यापूर्वी जाणत्याला विचारावे लागते. गेल्या पन्नास-साठ वर्षांत या जिल्ह्यात पाण्याचे जे झाले, ते समजून घेताना त्या वृद्ध शिल्प्याची पुन्हा पुन्हा आठवण होते.

धाराशिव जिल्हा बालाघाटच्या पठारावर वसला आहे. निजामी अमलात त्याला सातव्या निजामाच्या नावावरून ‘उस्मानाबाद’ हे नाव मिळाले. २०२३ साली ‘धाराशिव’ हे जुने नाव अधिकृत झाले. या पठाराच्या एका अंगाचे पाणी मांजरा आणि तेरणा या नद्या गोदावरीकडे नेतात, तर दुसऱ्या अंगाचे पाणी सीना आणि बोरी या नद्या भीमेच्या वाटेने कृष्णेला पोहोचवतात. बाहेरचे बारमाही पाणी आणून देणारी एकही नदी येथे नाही. वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो, तोही लहरी. त्यातले जेवढे मातीत आणि खडकात मुरेल, त्यावरच पुढचे आठ महिने निभवायचे असतात.

आणि हा खडक मुळातच कृपण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार घडले. प्रत्येक थराचा माथा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो. त्याला मांजऱ्या खडक म्हणतात. त्याखाली काळा, घट्ट पाषाण. त्यात भेग असेल तरच पाणी. सर्वांत वर माती आणि झिजून पिकलेला मुरूम. पाण्याची खरी कोठी म्हणजे हा मुरूम, मांजऱ्या आणि वरच्या भेगा. अशा एक घनमीटर खडकातून आपल्याला जेमतेम १० ते ३० लिटर पाणी मिळते. म्हणजे एक हेक्टर जमिनीखाली पाण्याची पातळी एक मीटरने चढली, तर साठा होतो १ ते ३ लाख लिटरचा. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजायचे तर १० ते ३० टँकर. कोठी लहान खरी, पण तिचा एक मोठा गुण आहे. उघड्या तलावातले पाणी ऊन पिऊन टाकते. खडकाच्या पोटातल्या पाण्याला ऊन शिवत नाही.

जुन्या काळी राजसत्तेने या भागात पाणी जमिनीवर अडवले, त्याचा उत्तम नमुना नळदुर्गला पाहावयास मिळतो. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, सतराव्या शतकाच्या आरंभी, बोरी नदीवर बांध घालून त्याच्याच पोटात पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात बांधावरून पाणी कोसळत असता आतल्या दालनात कोरडे बसता येते, ही त्याची किमया. परंतु किल्ल्याचे वैभव किल्ल्यापुरते. खेड्यापाड्यांचा संसार चालला तो आडावर, विहिरीवर आणि बारवेवर.

या विहिरींची एक शिस्त होती आणि ती कोणी लिहून ठेवलेली नव्हती. पाणी मोटेने उपसले जाई. बैल दमले की उपसा थांबे, आणि रात्रभरात झऱ्यांनी विहीर पुन्हा भरून येई. शिवाय विहीर उघडी असल्याने पातळी किती उतरली, हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसे. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’ ही म्हण ज्या माणसांनी घडवली, त्यांनी रोज आडात डोकावून पाहिले होते.

मग १९७२ चा दुष्काळ आला. मराठवाड्यातील लक्षावधी माणसे खडी फोडायला आणि माती वाहायला कामांवर गेली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेने त्या कष्टांना हक्काचे रूप दिले, आणि त्याच कष्टांतून ठिकठिकाणी पाझर तलाव उभे राहिले. पाझर तलाव ही मोठी विलक्षण वस्तू आहे. इतर तलावांचे यश पाणी टिकण्यात असते, तर याचे यश आपले पाणी खालच्या खडकाला देऊन लवकर रिकामे होण्यात असते. वरच्या अंगाला तलाव आणि खालच्या अंगाला विहिरी: तलाव आटत जातो तशा विहिरी सावरत जातात. दुष्काळात भाकरीसाठी राबलेल्या हातांनी पुढच्या पिढीसाठी पाण्याची ठेव ठेवली, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र ही ठेव सांभाळावी लागते. तळावर गाळाचा थर लिंपला गेला की पाझर बंद होतो आणि उरतो तो केवळ उन्हाने आटणारा हौद. गाळ काढण्याचे हे काम अनेक गावांत वर्षानुवर्षे मागे पडले.

ठेव ठेवण्याची सोय झाली, त्याच सुमारास ती काढण्याचे नवे साधनही आले. त्याच्या इतिहासात ख्रिस्ती सेवाकार्याचा वाटा आहे, आणि तो प्रांजळपणे सांगितला पाहिजे. जालना येथील चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात तहानलेल्या खेड्यांसाठी विंधन विहिरी खणायला घेतल्या. ओतीव लोखंडाचे हातपंप गावाच्या गर्दीपुढे टिकत नसत, म्हणून जालन्याला आणि शेजारच्या सोलापूरला अधिक दणकट पंप घडवले गेले. पुढे ‘सोलापूर पंपा’च्या आधारेच, युनिसेफच्या साहाय्याने, सत्तरीच्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप सिद्ध झाला आणि देशोदेशी गेला. पिण्याच्या एका घागरीसाठी केलेले हे दयेचे काम होते. पण विंधन यंत्राला आणि विजेच्या पंपाला दया ठाऊक नसते. सहा इंची भोक घागरीसाठी पाडले तसे ते बारमाही उसासाठीही पाडले गेले. बैल दमत होते, पंप दमेना. आणि विहीर दिसत होती, भोकाच्या तळाशी काय उरले ते कोणालाच दिसेना.

खोल जाण्यालाही अंत आहे, हे या भूमीने एका भीषण प्रसंगानंतर दाखवून दिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूरसारखी गावे क्षणार्धात ढिगारा झाली. हजारो माणसे गेली. त्यानंतर भूकंपाचा शोध घेण्यासाठी शास्त्रज्ञांनी किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. तेथे काळा दगड ३३८ मीटरपर्यंतच होता. त्याखाली गाळाच्या खडकाचा पातळ थर आणि मग अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक. पाताळगंगा कोठेही वाट पाहत बसलेली नव्हती. खोल भेगांत थोडे जुने पाणी असते. ते एकदा ओढले की पुन्हा भरायला फार काळ लागतो.

कायद्याने काय केले? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून ज्याची जमीन त्याचे तिच्याखालचे पाणी, ही समजूत दृढ झाली आहे. महाराष्ट्राने १९९३ साली सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्‍भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध घातला. २००९ च्या कायद्याने अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी ६० मीटरहून खोल विहिरींना मनाई केली. पण पंप शेतात असतो आणि कायदा कागदावर. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात कोट्यवधी रुपयांचे खोदकाम झाले, तरी भूजल पातळीवर त्याचा परिणाम अल्प दिसला, असे महालेखापरीक्षकांच्या अहवालाने २०२० साली नोंदवले. भरणा वाढला, पण उपशाला लगाम नव्हता.

हे गणित फार पूर्वी ओळखणाऱ्यांत अहमदनगरचे (आजचे अहिल्यानगर) स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर होते. विहिरींसाठी शेतकऱ्यांना मदत करता करता त्यांना उमगले की विहिरीचे पाणी विहिरीत नसते. ते डोंगराच्या माथ्यावर असते. त्यातून १९८९ साली इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची कल्पना आकारास आली आणि १९९३ साली त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ‘वॉटर’ ही संस्था स्थापन केली. गावाने आधी श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य करायची, पैसा नंतर, असा त्यांचा क्रम होता. मराठवाड्यात जालना जिल्ह्यातील कडवंची गावाने याच कार्यक्रमातून आपली शेती पालटली. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने तर पुढची पायरी गाठली: शेतीसाठी विंधन विहीर घ्यायची नाही, आणि दरवर्षी पावसाचा हिशेब मांडून रब्बीत काय पेरायचे ते ग्रामसभेत ठरवायचे.

ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहर पावसाचे पाणी स्वच्छ करून नळांनी चुनखडीच्या थरात उतरवते आणि उन्हाळ्यात परत घेते. वसईतील आपल्या वाडवडिलांनी वाड्यांमधून बावखले खणली, तीही वाळूच्या थराशी केलेली अशीच देवघेव होती. धाराशिवचा खडक चुनखडीइतका किंवा वाळूइतका उदार नाही. त्यात मुरलेले पाणी ओढ्यांकडे सरकत राहते आणि फार वर्षे थांबत नाही. म्हणूनच तेथे चुकीला जागा कमी आणि एकमेकांवरच्या विश्वासाची गरज अधिक. एका शेतात मुरलेले पाणी दुसऱ्याच्या विहिरीत निघते. बांध त्याला अडवत नाही. ठेव साऱ्या गावाने मिळून ठेवायची आणि काढताना मात्र ज्याचा पंप मोठा त्याने काढायची, हे चालणार नाही. लेण्यातल्या वृद्ध शिल्प्याचे राजाने ऐकले नाही. दिवाळीनंतर गावातल्या विहिरींत दोर सोडून पाणी मोजावे आणि मगच पेरणी ठरवावी, एवढे ऐकणे आजच्या गावांच्या हाती आहे.