‘फाजील’ : एका शब्दाचा हिशेब

‘फाजील’ हे विशेषण मराठीत सहसा एकटे येत नाही. फाजील लाड, फाजील उत्साह, फाजील आत्मविश्वास, फाजील सवलत अशी त्याची संगत ठरलेली असते. वास्तविक लाड, उत्साह वा सवलत या गोष्टी मुळात वाईट नव्हेत. त्या मर्यादेबाहेर गेल्या, असे कुणाला तरी वाटले की हे विशेषण त्यांना चिकटते. ती मर्यादा कोण ठरवतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

शब्द मूळचा अरबी. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला. ‘वर उरणे, शिल्लक राहणे’ हा त्याच्या धातूचा अर्थ. उरलेले दुसऱ्याला देता येते, म्हणून ‘फजल’ म्हणजे कृपा. इतरांहून वरचढ तो ‘अफजल’. उर्दूत ‘फाजिल’ म्हणजे विद्वान. अकबराचा इतिहासकार अबुल फजल आणि आपले ‘फाजील लाड’ असे एकाच कुळातले निघतात. 1490 मध्ये अहमदनगर वसले आणि 1636 पर्यंत निजामशाही टिकली. अशा राजवटींच्या महसुली कारभारातून जमा, बाकी, वसूल यांसारखे शब्द मराठीत मुरले. हिशेबातले ‘फाजील’ म्हणजे केवळ वाढावा. त्यात निंदा नव्हती. बोलीत मात्र कृपेचा अर्थ गळाला आणि अतिरेकाचा तेवढा उरला.

कृपा आणि अतिरेक यांतले अंतर किती निसरडे असते, हे दुष्काळाच्या इतिहासात दिसते. 1873–74 च्या बिहारमधील दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी सढळ हाताने धान्य पुरवले. मृत्यू फार थोडे झाले, पण खर्च अवास्तव झाला म्हणून त्यांच्यावर टीका झाली. पुढे 1877 मध्ये दख्खनच्या दुष्काळात तेच टेंपल काटकसरीचे दूत बनून आले. दुष्काळी कामावरच्या मजुराला रोज एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत, असे त्यांनी धरले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या कपातीविरुद्ध दाद मागितली. माणसे जगवणारी उदारता सरकारी हिशेबात ‘फाजील’ ठरली होती. तिचे मोल पुढच्या दुष्काळात उपाशी माणसांनी चुकते केले.

त्या दुष्काळात अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) जिल्हाही होरपळला होता. याच जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यात तिसगाव आहे. या अवर्षणप्रवण टापूत पैसेवारी, सूट, तहकुबी हे कागदावरचे शब्द राहत नाहीत. त्यांवर घरचे वर्ष निभावते. पैसेवारी 50 च्या आत की बाहेर, यावर सवलत मिळणार की नाही हे ठरत आले. अशा सवलतीला ‘फाजील’ म्हणणारा बहुधा ती देणाऱ्याच्या बाजूने बोलत असतो; घेणाऱ्याच्या तोंडी तो शब्द येत नाही. म्हणून विद्यार्थ्यांनी या विशेषणाचा अर्थ कोशात पाहावाच, पण त्या वाक्याचा कर्ता कोण आहे, हेही तपासावे.