हरीचे चार हात आणि माळेतले मणी

* पाटणच्या (ता. चाळीसगाव, जि. जळगाव) १२०७च्या सुमाराच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाची नोंद आहे. भास्कराचार्यांच्याच ‘लीलावती’तल्या (११५०) अंकपाश या प्रकरणात हरीच्या चार हातांत चार आयुधे २४ प्रकारे येतात. हात ठरलेले, म्हणून उत्तर चोख. माळेला मात्र आरंभ नसतो. फिरवली तरी तीच. चार निराळ्या मण्यांच्या माळा २४ भागिले ४, म्हणजे सहाच.

मणी काळे (०) आणि सोन्याचे (१) अशा दोनच जातींचे असले की हा भागाकार फसतो. ओळी १६, माळा मात्र सहा: ००००, ०००१, ००११, ०१०१, ०१११, ११११. कारण ०१०१ दोन पावलांतच मूळपदी येते, ०००० तर एकाच.

या माळा क्रमाने काढायची फ्रेडरिकसन आणि मायोराना यांची रीत (१९७८) विलक्षण सुटसुटीत आहे. उजवीकडून पहिले ० शोधून १ करा. तिथपर्यंतचा तुकडा पुन्हापुन्हा लिहून ओळ भरा. तुकड्याची लांबी ४ला भागत असेल तरच माळ धरा. ००११वरून ०१, म्हणून ०१०१. त्यावरून ०११, म्हणजे ०११०, ती सोडायची.

तीन मण्यांच्या माळांतले ०, ००१, ०११, १ हे तुकडे जोडले की ०००१०१११ हे चक्र मिळते; त्यात तीन अंकांची प्रत्येक ओळ एकदाच येते. ते पहिल्या ०पासून उलट फिरत वाचा आणि वृत्तातल्या लघूला ०, गुरूला १ माना: शाळेत घोकलेले ‘यमाताराजभानसलगम्’च हाती येते. त्यातले शेवटचे ‘लगम्’ म्हणजे आरंभीच्याच लघु-गुरूची पुनरावृत्ती. — संपा.